काचेवर काच

खिडकीत टांगायच्या तावदानावर बाटल्यांच्या, बांगड्यांच्या काचा बसवायला घेतल्या की हात आधी फेव्हिकॉलच्या डब्याकडे जातो. लाकडी ट्रेवरच्या मोझॅकला तो चालतो, कारण त्यातलं पाणी लाकूड पिऊन टाकतं. इथे खाली काच, वरही काच. कडा आधी वाळतात, आतला ओलावा कोंडतो आणि आठवडा उलटला तरी मधोमध दुधाळ ठिपका दिसत राहतो.

मग फेव्हिक्विक. त्यातलं सायनोअॅक्रिलेट ओलाव्याने घट्ट होतं आणि काचेच्या अंगावर पाण्याचा न दिसणारा थर कायम असतोच. त्यामुळे पकड इतक्या झटक्यात येते, की तिरका बसलेला तुकडा सरळ करायची सवड मिळत नाही. पण हा सांधा ठिसूळ. तावदान उन्हात तापतं, रात्री निवतं, वाऱ्याने खिडकी आपटते. त्यातच पावसाळी दमटपणा काचेवरची पकड सोडवत जातो. कडेने पांढुरकी झाक येते ती वेगळीच. ‘काच जोडतं’ असं दुकानदार छातीठोकपणे सांगतो. तो खोटं बोलत नाही. किती दिवस, एवढंच सांगत नाही.

दोन नळ्यांचं एपॉक्सी ताकदीला चांगलं. संग्रहालयांत फुटकी काच सांधणारे खास पारदर्शक एपॉक्सी वापरतात, ते याच्याच जातीचं. काचेचा अपवर्तनांक साधारण १.५२, एपॉक्सीचा त्याला जुळला की सांधा नजरेला सापडत नाही. आपल्या हार्डवेअरच्या दुकानातलं एपॉक्सी मात्र उन्हात पिवळं पडतं. कपाटातल्या फुलदाणीला ते खुशाल लावावं, खिडकीसाठी नको.

अतिनील प्रकाशाने घट्ट होणारा गोंद सर्वांत नितळ. लावा, तुकडा हवा तसा सरकवा, मग टॉर्च मारा. बिअरच्या बाटलीची तपकिरी काच मात्र हे किरण बरेचसे अडवते. अशा वेळी तावदान उचलून खालच्या साध्या काचेतून प्रकाश द्यायचा. आणि काम उन्हाच्या कवडशात करायचं नाही, नाहीतर गोंद आपणहूनच आवळायला लागतो.

माझी निवड मात्र पारदर्शक सिलिकॉन. माशांच्या काचेच्या टाक्या यावरच उभ्या असतात. ते घट्ट झाल्यावरही रबरासारखं लवचिक राहतं, म्हणून तापणं-निवणं सोसतं. अगदी अदृश्य होत नाही, हे मान्य. नेहमीच्या सिलिकॉनला वाळताना व्हिनेगरचा वास येतो. तो अॅसिटिक आम्लाचा, आणि ते आम्ल आरशामागचा लेप खातं. आरशाचे तुकडे असतील तर ‘न्यूट्रल’ लिहिलेली नळी मागावी. सिलिकॉनही हवेतल्या ओलाव्यावरच, कडेकडून आत घट्ट होत जातं. म्हणून तळहाताएवढा सपाट तुकडा त्याने बसवू नये, नखाएवढे बसवावेत.

गोंद कुठलाही असो, आधी दोन्ही काचा अॅसिटोनने पुसायच्या आणि नंतर फक्त कडेने धरायच्या. बोटाच्या ठशातलं तेलही पकड बिघडवतं. बांगड्यांवरची सोनेरी नक्षी अॅसिटोनने निघू शकते, तेव्हा आधी एका तुकड्यावर पाहावं. शिवाय बांगडीचा तुकडा गोल असतो, तावदानाला जेमतेम रेघेइतका टेकतो. फेव्हिक्विकसारखा पातळ गोंद ती फट भरत नाही, सिलिकॉन भरतं. बाजूने उतू आलेलं ओलं असताना पुसायला गेलं तर सगळीकडे फासलं जातं. दुसऱ्या दिवशी ब्लेडने कापलं की सरळ पट्टी निघून येते.