परड्यातल्या शेडला वीज नेताना

आपल्या बेळगाव-खानापूर भागात हल्ली बऱ्याच घरांच्या परड्यात पत्र्याची एक शेड असते. तिथे कडबाकुट्टी असते, ग्राइंडर असतो, फाळापासून ट्रॉलीपर्यंतच्या किरकोळ दुरुस्त्या तिथेच होतात आणि पावसाळ्यात कोपऱ्यात म्हैसही बांधतात. वीज पाहावी तर घराच्या खिडकीतून निघून पेरूच्या फांदीला गुंडाळलेली जुनी दुपदरी वायर! ऊन-पावसाने तिचे वेष्टण तडकते आणि एखाद्या ओल्या सकाळी म्हैस दावणीतच मरून पडते. कधी तिला सोडवायला गेलेला माणूसही जातो.

आधी वायरच्या जाडीचे पाहू. २ हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटर चालताना सुमारे १० अँपिअर घेते, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट. शेड ४० मीटर दूर आणि तांब्याची वायर १.५ चौरस मिलिमीटरची असेल, तर त्या क्षणी पन्नासेक व्होल्ट वाटेतच खर्च होतात. मोटर नुसती गुरगुरते आणि शेवटी जळते. वायर ४ चौरस मिलिमीटरची घेतली की ही घट वीसेक व्होल्टवर येते. म्हणून दुकानात अंतर आणि मोटरची ताकद दोन्ही सांगावे.

खरा घोटाळा अर्थिंगचा आहे. शेडजवळ एक सळई ठोकली की काम झाले, असे पुष्कळांना वाटते. हिशेब करून पाहा. सळईभोवतीच्या जमिनीचा विरोध २० ओहम धरू. उन्हाळ्यात मुरमाड जमिनीत तो याहून बराच जास्त भरतो. २३० व्होल्टला त्यातून जेमतेम ११ अँपिअर वाहतील. एवढ्याने १६ अँपिअरचा फ्यूज वितळत नाही. म्हणजे मशीनच्या लोखंडात वीज उतरलेली, दिवा तसाच जळतो आहे आणि घरात कोणाला पत्ता नाही! जनावराच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त आणि खुरे ओली, त्यामुळे माणसाला नुसती झिणझिणी देणारी वीज त्याचा जीव घेऊ शकते.

यावर उपाय असा. घरातून शेडकडे दोन नव्हे, तीन तारा न्याव्यात. तिसरी हिरवी तार घराच्या अर्थिंगला जोडावी, शेडची सळईही तिलाच जोडावी. पण खेड्यात घराचे अर्थिंगही बहुधा एका सळईवरच उभे असते. म्हणून घरातच, शेडची तार जिथून निघते तिथे ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसवावा. गेलेली वीज आणि परतलेली वीज यांत तफावत दिसली की तो डोळ्याचे पाते लवायच्या आत पुरवठा तोडतो. त्याचे 'टेस्ट' बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. न्यूट्रल मशीनच्या अंगाला मुळीच जोडू नये. न्यूट्रल तुटला तर सगळे मशीनच जिवंत होते.

तार झाडावरून न नेता आर्मर्ड केबल पाऊण मीटर खोल चरातून न्यावी, वर वाळू आणि विटा घालाव्यात. शेडच्या दाराशी, जनावराचे तोंड पोचणार नाही अशा उंचीवर, दोन्ही तारा एकदम तोडणारा मेन स्विच हवा.

काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावे. गावातला हुशार पोरगा चहावर करून देतो खरे, पण अर्थिंग मोजायचे यंत्र त्याच्याकडे नसते. आणि शेतीपंपाच्या जोडणीवरून शेडला तार ओढू नये. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरतो. चर मात्र मिरगाच्या आधीच खणून घ्यावा, पुढे चिखलात केबल नीट बसत नाही.