कंबर कोणत्या दिशेला ऐकते?

न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टन शहरात रॉबिन मॅकेन्झी या तरुण फिजिओथेरपिस्टकडे १९५६ साली एक रुग्ण तीन आठवडे येत होता. कंबरदुखीच्या इतिहासात तो ‘मिस्टर स्मिथ’ म्हणून ओळखला जातो. कंबर उजवीकडे दुखायची आणि कळ गुडघ्यापर्यंत उतरायची. उपचारांनी तसूभर फरक नव्हता. एके दिवशी त्याला आत जाऊन टेबलावर पालथं झोपायला सांगितलं. टेबलाचं एक टोक आधीच्या रुग्णासाठी वर उचललेलं होतं, ते कुणी खाली केलंच नव्हतं. स्मिथ मुकाट्यानं त्यावर पालथा पडून राहिला, कंबर मागच्या बाजूला चांगली वाकलेली. पाचेक मिनिटांनी मॅकेन्झी आला आणि हबकलाच. दुखऱ्या कंबरेला असं मागे वाकवणं म्हणजे घात, असं त्या काळी मानलं जाई. स्मिथ मात्र खुशीत होता. पायातली कळ गेली होती आणि दुखणं उजवीकडून सरकून कंबरेच्या मध्यावर आलं होतं. दुसऱ्या दिवशी तेच मुद्दाम केलं, तर उरलंसुरलंही गेलं.

त्याआधी १९३७ साली अमेरिकेत डॅलसच्या डॉ. पॉल विल्यम्स यांनी नेमका उलटा रस्ता दाखवला होता: गुडघे छातीशी घ्या, पोट आवळा, पुढे वाका. पुढची कित्येक वर्षं या दोन पंथांत जुंपलेली होती. दोघांचंही आपापल्या रुग्णांपुरतं खरं होतं. आपल्याकडे ‘कंबरदुखीवर रामबाण पाच आसनं’ असे व्हिडिओ घराघरांत फिरतात, त्यांत नेमका हाच प्रश्न कुणी विचारत नाही, की कंबर कुणाची?

स्वतःची कंबर ओळखणं फारसं अवघड नाही. बराच वेळ बसलं, स्कूटर चालवली, ओणवं होऊन केर काढला की दुखतं आणि चार पावलं चाललं की बरं वाटतं, अशा माणसाला बहुधा मागे वाकणं मानवतं. साठीनंतरच्या काहींचं उलट असतं. चालताना पाय भरून येतात, आणि कट्ट्यावर बसलं किंवा कठड्यावर पुढे झुकून टेकलं की मोकळं वाटतं. मणक्यातली नलिका अरुंद झाली असेल तर असं होतं. पुढे झुकल्यावर तिथे जरा जागा होते. अशांना गुडघे पोटाशी घेणं मानवतं आणि भुजंगासन छळतं. दोन्हीकडे एक खूण सारखीच लागू पडते. व्यायाम करताना पायातली कळ वर सरकत कंबरेकडे येत असेल, तर दिशा बरोबर. त्या वेळी कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल. कळ पोटरीकडे, पावलाकडे उतरायला लागली, की तो व्यायाम तिथेच थांबवायचा.

मागे वाकण्याची सुरुवात अगदी साधी आहे. सतरंजीवर पालथं झोपा, दोन-तीन मिनिटं नुसतेच पडून राहा. मग कोपरांवर टेका. ते सोसलं, तर तळवे खांद्यांखाली ठेवून हातांच्या जोरावर छाती उचला. इथे बहुतेकांचं चुकतं: नितंब आवळले जातात आणि ओटीपोटही सतरंजीवरून उचललं जातं. सगळं काम हातांनी करायचं. कंबरेखालचं शरीर ओल्या कपड्यासारखं सैल सोडायचं. कोपर पूर्ण सरळ झाले नाहीत तरी बिघडत नाही. खाली यायचं, पुन्हा वर, असं दहा वेळा. पुढे वाकणं मानवणाऱ्यांनी उताणं झोपून एक गुडघा दोन्ही हातांनी छातीकडे घ्यावा, वीस-तीस सेकंद धरावा, मग दुसरा. डोकं उचलून नाक गुडघ्याला लावायची हौस नको.

कंबर दुखते तेव्हा दोष पुष्कळदा शेजाऱ्यांचा असतो. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांचे मांडीमागचे स्नायू आखडतात, तसाच जांघेतून कंबरेच्या मणक्यांपर्यंत जाणारा सोआस हा स्नायूही आखडतो. मांडीमागच्या भागासाठी उभं राहून पायाचे अंगठे पकडण्याची कसरत नको, घरातला पंचा पुरे. उताणं झोपा, एक पाय गुडघ्यात वाकवून पाऊल टेकवा, दुसऱ्या पावलाच्या खोलगट भागात पंचा अडकवा आणि पाय हळूहळू वर घ्या. गुडघा किंचित वाकला तरी हरकत नाही. ओढ मांडीच्या मधल्या गाभ्यात जाणवली पाहिजे. पोटरीत किंवा तळव्यात झिणझिण्या, वीज चमकल्यासारखी कळ आली, तर ताणली जातेय ती नस. पाय लगेच खाली घ्या. मांडीमागच्या स्नायूंवर झालेल्या अभ्यासात तीस सेकंदांचा ताण मिनिटभराच्या ताणाइतकाच लाभाचा ठरला आहे. हिसके देऊन तर मुळीच ताणू नये. त्यानं स्नायू सैल होण्याऐवजी अंग चोरतो.

पंचा वापरणं म्हणजे कमीपणा, असं काही योगप्रेमींना वाटतं. त्यांनी पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी काय उभं केलं ते पाहावं. १९३७ साली पुण्यात आलेल्या या माणसानं पट्टे, विटा, खुर्च्या, भिंतीतले दोर यांच्या आधारानं ताठर शरीरांनाही आसनांपर्यंत नेलं, आणि १९७५ पासून त्यांच्या पुण्यातल्या संस्थेत जगभरची माणसं ते शिकायला येत राहिली.

पहाटेच्या शिस्तीबद्दल मात्र माझं मत अनेकांना रुचणार नाही. मणक्यांमधल्या गाद्या रात्री पाणी शोषून फुगतात, म्हणूनच सकाळी आपली उंची थोडी जास्त भरते. फुगलेल्या गादीवर वाकण्याचा ताण दुपारपेक्षा कितीतरी जास्त येतो. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात जुनी कंबरदुखी असलेल्यांना सकाळच्या वेळी कंबरेतून वाकणं टाळायला सांगितलं, तर त्यांचं दुखणं कमी झालं. तेव्हा उठल्याउठल्या पश्चिमोत्तानासन नको. चहा घ्या, घरात हिंडा-फिरा, तासाभरानं सतरंजी पसरा.

माळ्यावरचे फराळाचे डबे उतरवताना उसण भरली, तर पहिले काही दिवस हे व्यायामही बाजूला ठेवावेत. हेलसिंकीत महापालिका कर्मचाऱ्यांवर झालेला १९९५ सालचा अभ्यास याबाबत डोळे उघडणारा आहे. ताज्या कंबरदुखीत काहींना दोन दिवस झोपून राहायला सांगितलं, काहींना व्यायाम दिले, काहींना जमेल तेवढी रोजची कामं चालू ठेवायला सांगितलं. सगळ्यांत लवकर बरे झाले ते कामं करत राहिलेले. दाराच्या खुंटीवर टांगलेल्या कमरेच्या पट्ट्याचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३च्या डिसेंबरमध्ये जुनाट कंबरदुखीसाठी दिलेल्या मार्गदर्शनात व्यायामाला जागा आहे. पट्टा आणि ओढ लावणारं ट्रॅक्शन सरसकट देऊ नये असं म्हटलं आहे.

‘गादी सरकलीय’ हा एमआरआयचा निकाल ऐकून हातपाय गाळणारे खूप. काहीही दुखत नसलेल्या ३,११० माणसांच्या तपासण्या २०१५ साली एकत्र अभ्यासल्या, तेव्हा विशीतल्या ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांच्या गाद्या फुगून बाहेर आलेल्या आढळल्या. फोटोत दिसतं तेच दुखतं असं समजायचं कारण नाही.

काहींनी मात्र खरोखर जपायला हवं. पाळी गेल्यानंतर हाडं ठिसूळ झालेल्या बायकांनी पुढे वाकण्याचे व्यायाम टाळावेत. मेयो क्लिनिकनं १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे व्यायाम करणाऱ्या ८९ टक्के स्त्रियांच्या मणक्यांत नवी मोड आढळली. मागे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांत हेच प्रमाण १६ टक्के होतं. योगवर्गात सगळ्यांबरोबर डोकं गुडघ्याला लावायचा आग्रह झाला, तर अशा मावशींनी सरळ नाही म्हणावं. रात्री झोपेतून उठवणारी कंबरदुखी, सोबत बारीक ताप आणि घटतं वजन असेल, तर आपल्या देशात मणक्याचा क्षय आधी तपासावा लागतो. पडल्यानंतरचं दुखणं, किंवा आधी कर्करोग होऊन गेलेल्याचं नवं दुखणं, घरी ताणून बघत बसू नये. आणि लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बसायच्या जागी बधिरपणा आला, पाऊल उचलेनासं झालं, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावं. अशा वेळी दाबलेल्या नसा मोकळ्या करायला उशीर झाला, तर गेलेली ताकद परत येईलच असं नाही.