घरबसल्या नगर जिल्ह्याची सहल



आपला जिल्हा केवढा मोठा आहे, ठाऊक आहे ना? सतरा हजार चौरस किलोमीटर! क्षेत्रफळात सगळ्या महाराष्ट्रात पहिला. तालुके चौदा. पश्चिमेला अकोल्याचे उंच डोंगर, तर दक्षिणेला जामखेडचे माळ. रतनवाडीहून चौंडीला जायचे तर दोनशे किलोमीटरांहून जास्त रस्ता तुडवावा लागतो. एस.टी.चे भाडे, दोन दिवसांची मजुरी बुडणार, घरी जनावरं. म्हणून जन्मभर याच जिल्ह्यात राहून पुष्कळांनी आपला जिल्हा पाहिलेला नसतो. म्हाताऱ्या माणसांना तर गड चढवतच नाही.

यावर आता एक सोय झाली आहे. घरात पोराच्या हातात मोबाइल असतो. त्यावर आपण घरबसल्या सहल करू शकतो. ती कशी करायची, तिचा फायदा काय आणि तिच्यात फसगत कुठे होते, हे आम्ही या पाठात सांगणार आहोत.

चित्र येते कोठून?

मोबाइलमधला नकाशा दोन तऱ्हांनी बनतो. एक तऱ्हा आकाशातून. पृथ्वीभोवती उपग्रह फिरतात. ते जमिनीची चित्रे घेतात. आपल्या देशाच्या अवकाश संस्थेने, म्हणजे इस्रोने, २००९ साली असा नकाशा लोकांसाठी खुला केला. त्याचे नाव 'भुवन'. त्यात नदी, तलाव, डोंगर, आपले शिवारसुद्धा वरून दिसते. घारीला दिसते ना, तसे.

दुसरी तऱ्हा रस्त्यावरून. मोटारीच्या टपावर कॅमेरा बसवतात. त्याला चारी बाजूंना भिंगे असतात. मोटार चालत राहते, कॅमेरा ठराविक अंतरावर चित्रे काढत राहतो. मग ती चित्रे एकाला एक जोडतात. आपण बोटाने चित्र सरकवले, की मान वळवून पाहिल्यासारखे डावीकडचे, उजवीकडचे, मागचे सगळे दिसते. गूगल कंपनीने अशी सोय २७ जुलै २०२२ रोजी भारतातल्या दहा शहरांत सुरू केली. मुंबई, दिल्ली, पुणे, नाशिक या शहरांच्या पंगतीत आपले नगरही होते! त्या वेळी नाव अहमदनगर होते. २०२४ साली ते अहिल्यानगर झाले.

चला, निघू या

मोबाइलमधला नकाशा उघडा. वरच्या पट्टीत गावाचे नाव लिहा. मराठीत लिहिले तरी चालते. आपण अक्षरे शिकलो, ती येथे उपयोगी पडतात.

पहिले नाव लिहा 'चौंडी'. जामखेड तालुक्यातले हे गाव. ३१ मे १७२५ रोजी येथे अहिल्याबाई जन्मल्या. पुढे त्यांनी होळकरांचे राज्य सांभाळले, देशभर घाट, विहिरी, देवळे बांधली. जिल्ह्याला आज त्यांचेच नाव आहे. त्याच तालुक्यात खर्डा आहे. १७९५ साली मराठ्यांनी तेथे निजामाचा पराभव केला.

आता लिहा 'नेवासा'. प्रवरा नदी दिसेल. या ठिकाणी १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वर महाराज बसले असे सांगतात, तो खांब आजही लोक पाहायला जातात. त्याला 'पैस' म्हणतात.

प्रवरेच्याच काठी श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद आहे. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी तेथे शेती करणाऱ्या लोकांची वस्ती होती. १९७४ साली तेथे एका गावकऱ्याला जमीन खणताना काशाच्या चार वस्तू सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैल जुंपलेला रथ. रथात माणूस उभा आहे. या वस्तू आता दूरच्या शहरांत संग्रहालयात जपलेल्या आहेत. ज्या मातीतून त्या निघाल्या, तिथल्या माणसांना त्या मोबाइलवर तरी पाहता येतात. नाव लिहा, चित्रे समोर येतात.

मग अकोल्याला चला. कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंच, महाराष्ट्रात सर्वांत उंच. रतनवाडीचे अमृतेश्वराचे देऊळ पाहा. दगडात केलेली नक्षी बोटांनी मोठी करून पाहता येते. हरिश्चंद्रगडावरच्या केदारेश्वराच्या गुहेत पाण्यात महादेवाची पिंड आहे. भोवती चार खांब होते, त्यांतला एकच आता शाबूत आहे. ज्या आजीचे गुडघे दुखतात, तिलाही हे दर्शन घडते. हा फायदा लहान नाही.

शेवटी नगरचा किल्ला. निजामशाहीच्या हुसेन निजामशहाने तो दगडात बांधवला. भोवती खंदक आहे. १५९५ च्या अखेरीस मोगलांनी वेढा घातला, तेव्हा चांदबिबीने तो लढवला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये इंग्रजांनी जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद यांना येथेच कोंडले. नेहरूंनी 'भारताचा शोध' हा ग्रंथ १९४४ साली या कैदेतच लिहिला. स्वातंत्र्यानंतर किल्ला लष्कराकडे राहिला. म्हणून प्रत्येक कोपरा मोबाइलवर दिसेल, अशी अपेक्षा धरू नये.

पाहावे, पण पारखून घ्यावे

आता सावधगिरीची गोष्ट. मोबाइलवर चित्र दिसते, पण त्याखाली लिहिलेले सगळेच खरे असते असे नाही. कोणीही काहीही लिहू शकतो. उदाहरण पाहा. नगरच्या पूर्वेला डोंगरावर आठ कोनांची तीन मजली इमारत आहे. सारे तिला 'चांदबिबीचा महाल' म्हणतात. नकाशावरही ते नाव सापडते. पण तो महाल नाही आणि चांदबिबीचाही नाही. ती निजामशाहीचा वजीर सलाबतखान याची कबर आहे. म्हणून एकाच ठिकाणी वाचले, की लगेच मान डोलावू नये. दोन-तीन ठिकाणी ताडून पाहावे. जाणत्याला विचारावे.

दुसरे, देवस्थानाच्या नावाने कोणी दर्शनाचे किंवा प्रसादाचे पैसे मागितले, तर घाईने पाठवू नयेत. आपल्याला आलेला गुप्त आकडा कोणाला सांगू नये. चित्रे पाहायला पैसे लागत नाहीत.

आपल्या गावचे काय?

आम्हाला सर्वांत महत्त्वाचे सांगायचे आहे ते हे. नकाशावर मोठी ठिकाणे सापडतात. पण आपल्या वेशीजवळचा वीरगळ, पडकी बारव, अक्षरे कोरलेला दगड तेथे नसतो. कोणी त्या दगडावर कपडे धुतो, कोणी तो पायरीला बसवतो. एकदा दगड फुटला, की त्यावरचा मजकूर कायमचा गेला. तो पुन्हा लिहायला कोणी येणार नाही.

म्हणून ज्याच्या हाती मोबाइल आहे त्याने एवढे करावे. उन्हे तिरपी असताना त्या दगडाचे चित्र काढावे, म्हणजे कोरीव अक्षरे उठून दिसतात. गावाचे नाव आणि तारीख लिहून ठेवावी. शाळेतल्या गुरुजींना दाखवावे, ग्रामपंचायतीत नोंद करावी. दगड मात्र जागचा हलवू नये. त्याला शेंदूर, रंग फासू नये. जमिनीत जुनी मौल्यवान वस्तू सापडली, तर ती लपवू नये, विकू नये. १८७८ सालचा कायदा आहे, की अशी वस्तू कलेक्टरांना कळवली पाहिजे. तलाठ्याला सांगितले, तरी पुढची वाट ते दाखवतील.

मोबाइलवरच्या सहलीत कोकणकड्याचा वारा अंगाला लागत नाही, की केदारेश्वराच्या पाण्याचा गारवा कळत नाही. जमेल त्याने जरूर जाऊन यावे. पण ज्याला जाणे जमत नाही, त्याने मन मारून बसू नये. आज संध्याकाळी जेवणं झाल्यावर घरच्या मंडळींना भोवती बसवा. नावे तुम्ही स्वतः लिहा आणि मोठ्याने वाचून दाखवा.