परीक्षा पुन्हा देताना

रायपूरच्या एका मराठी घरातील परिचारिका कल्पनेने डोळ्यांपुढे आणा. घरी मराठी, बाजारात छत्तीसगढी, रुग्णालयात हिंदी. इंग्रजी येते ती कागदापुरती. इंग्लंडात नोकरी करावी म्हणून ती आयईएलटीएस परीक्षेस बसते आणि ‘नापास झाले’ म्हणत घरी परतते. वस्तुतः 1989 साली सुरू झालेल्या या परीक्षेत नापास असा शेराच नाही. श्रवण, वाचन, लेखन व संभाषण यांना 0 ते 9 अशी श्रेणी मिळते. उंबरठा ठरवते ती मागणारी संस्था. ब्रिटनचे परिचारिका-मंडळ लेखनात 6.5 व इतर तिहींत 7 मागते. आपल्या परिचारिकेला तिहींत 7 आहेत, लेखनात 6. उणी पडली ती अर्धी श्रेणी, सारी इंग्रजी नव्हे.

तेव्हा पुन्हा शब्दकोश पाठ करणे व्यर्थ. लेखनास 60 मिनिटे असतात. आधी आकृतीचे किमान 150 शब्दांत वर्णन, मग 250 शब्दांचा निबंध. आणि निबंधाचे वजन दुप्पट. वर्णनातच अर्धा तास गेला, तर निबंध लंगडा पडणारच. निबंधास 40 मिनिटे राखावीत. दुसरी अडचण आपल्या मराठीचीच. नामापूर्वी ‘अ’ किंवा ‘द’ लावण्याची रीत आपल्याकडे नाही. म्हणून ती हातून सुटते. रोज घड्याळ लावून एक निबंध लिहावा, जाणत्याकडून तपासून घ्यावा आणि, कंटाळवाणे आहे खरे, तोच पुन्हा लिहावा.

संगणकावर परीक्षा देणाऱ्यांना एकच विभाग 60 दिवसांच्या आत पुन्हा देण्याची सोय काही केंद्रांवर आहे. मात्र तसा निकाल आपल्या संस्थेस चालतो का, हे शुल्क भरण्यापूर्वी विचारून घ्यावे.