इवल्याशा डब्याच्या आत रंग कोणता?

विज्ञान-प्रदर्शनात रेल्वेगाडीची प्रतिकृती मांडली, की तिच्याभोवती गर्दी होतेच. चाके, बफर, बाहेरचा रंग सगळे हुबेहूब असते. पण विद्यार्थिमित्रांनो, एकदा खिडकीतून आत डोकावून पाहा. आत बहुधा नुसती पोकळी असते. बाके असलीच तर हाताशी असेल त्या रंगाने रंगवलेली!

चेन्नईजवळच्या पेरांबूर येथील इंटिग्रल कोच फॅक्टरीत १९५५ पासून डबे तयार होऊ लागले. तेथला नेहमीचा ब्रॉडगेज डबा सुमारे २१.३ मीटर लांब. १:८७ या प्रमाणात तो साडेचोवीस सेंटिमीटर होतो. म्हणजे लांबीला ८७ ने भागले की काम झाले. पण रंगाला ८७ ने कसे भागणार?

आधी साल ठरवा

रंग निवडण्यापूर्वी आपला डबा कोणत्या सालचा, हे ठरवले पाहिजे. आपल्याकडे तिसरा वर्ग १९७४ मध्ये बंद झाला. त्यानंतर, १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री असलेल्या मधु दंडवते यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर सुमारे दोन इंच जाडीच्या गाद्या बसवायला सुरुवात केली. तेव्हा बाहेर तिसऱ्या वर्गाची खूण आणि आत या गाद्यांची बाके असा मेळ बसत नाही! दोन इंचांची ती गादी आपल्या प्रतिकृतीत जेमतेम अर्धा मिलिमीटर भरते. पोस्टकार्डाचे दोन-तीन तुकडे एकमेकांवर चिकटवले की झाली.

पुढे पाच आकडी क्रमांकाची पद्धत रुळली. तिच्यात पहिले दोन आकडे बांधणीचे साल सांगतात आणि उरलेले तीन डब्याचा प्रकार. समजा, क्रमांक ९८२२७ आहे. हा डबा १९९८ सालचा, आणि २०१ ते ४०० या गटातला म्हणून शयनयान. बाहेरचा क्रमांक आणि आतली बाके यांनी एकच साल सांगितले पाहिजे.

खरा रंग काळा का दिसतो?

अलीकडच्या शयनयानातल्या निळ्या रेक्झिनचा अगदी तोच निळा रंग आणून प्रतिकृतीत लावला, तरी बाहेरून तो काळपट दिसतो. असे का व्हावे?

खिडकीतून शिरलेला प्रकाश भिंतींवर पुन:पुन्हा आपटतो आणि दर वेळी त्याचा काही भाग शोषला जातो. फिकट भिंत शंभरातला सत्तर भाग प्रकाश परावर्तित करते असे धरा. तीन परावर्तनांनंतर चौतीस भाग उरतात. गडद भिंत चाळीसच भाग परत पाठवत असेल, तर उरतात जेमतेम सहा! खऱ्या डब्यातही हेच घडते. पण तेथे आपण आत बसलेले असतो आणि डोळे त्या उजेडाला सरावतात. प्रतिकृती मात्र नेहमी बाहेरूनच पाहायची. शिवाय तिची एक मिलिमीटर जाडीची भिंत म्हणजे खऱ्या मापात ८७ मिलिमीटर! खिडकीचा जणू बोगदा होतो. म्हणून आतल्या रंगात थोडा पांढरा मिसळावा.

दिव्याचेही भान ठेवा. तारेच्या बल्बच्या प्रकाशात निळा भाग कमी असतो, त्यामुळे निळे बाक त्याखाली मंद दिसते. ज्या दिव्याखाली प्रतिकृती मांडणार, त्याच दिव्याखाली रंग पारखून घ्या.

आकडे लिहायचे कसे?

शयनयानात नऊ खण आणि प्रत्येकात आठ बर्थ, एकूण ७२. बर्थच्या क्रमांकाला आठने भागा. बाकी १ किंवा ४ उरली तर खालचा, २ किंवा ५ तर मधला, ३ किंवा ६ तर वरचा. ७ उरली तर बाजूचा खालचा आणि काहीच उरले नाही तर बाजूचा वरचा. यामुळे डब्याच्या दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून दिसणारे दृश्य वेगळे असते, हे विसरू नका.

समजा, बर्थवरचा आकडा २५ मिलिमीटर उंच आहे. प्रतिकृतीत तो ०.३ मिलिमीटरही भरत नाही. तीस सेंटिमीटरवरून आपला डोळा सुमारे ०.०९ मिलिमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे पाहू शकत नाही. आकड्याची रेघ त्याहूनही बारीक! तेव्हा तो आकडा वाचता येणार नाही. योग्य जागी सुईच्या टोकाने दिलेला एक ठिपका पुरे.

करून पाहा

बुटांची दोन सारखी खोकी घ्या. दोन्हींना सारख्याच खिडक्या कापा. एकाला आतून पांढरा कागद लावा, दुसऱ्याला गडद. दोन्हींत एकाच निळ्या कागदाची पट्टी ठेवा, झाकणे लावा आणि दोन मीटरांवरून पाहा. पट्टी एकच, पण निळा रंग कोणत्या खोक्यात दिसतो?

आणखी एक काम करा. या जातीचा शेवटचा डबा पेरांबूरहून २०१८ मध्ये बाहेर पडला. जुने डबे एकेक करून मोडीत निघतात. त्यांचा बाहेरचा रंग पुष्कळ छायाचित्रांत आहे. पण आतला रंग सहसा कोणी टिपत नाही आणि रंगीत छायाचित्रेही काळाने विटतात. पुढच्या प्रवासात वहीत एवढेच लिहा: तारीख, डब्याचा क्रमांक, भिंतीचा, छताचा आणि बाकाचा रंग. उद्या कोणी हा डबा हुबेहूब करू पाहील, तेव्हा तुमची वही त्याला उपयोगी पडेल.