मुंबईची घाई, कोलकात्याची सवड

जून संपत आला की मुंबईच्या वर्तमानपत्रांत एक छोटी चौकट दिसू लागते. अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार, तुळशी. या सात तलावांत आज किती पाणी आहे आणि गेल्या वर्षी याच दिवशी किती होते, याचे आकडे तिच्यात असतात. पाऊस लांबला की लोकलच्या डब्यात, कचेरीत, भाजीच्या गाडीपाशी याच आकड्यांवर बोलणे सुरू होते. कोलकात्याला या चौकटीची गरज पडत नाही. हुगळी नदी शहराला लागून वाहते. बराकपूरजवळ पालता येथे तिचे पाणी उचलून गाळतात आणि ते उत्तर कोलकात्यातल्या टाला टाकीत आणतात. ११० फूट उंचीवर उभी असलेली, ९० लाख गॅलन पाणी मावणारी ही लोखंडी टाकी १९११ पासून शहराला पाणी पाजते आहे.

मुंबईकर घाईचा आणि कोलकातेकर निवांत, असे मराठी घरांत अगदी सहज बोलले जाते. बंगाली माणूस अड्ड्यावर तासन्‌तास गप्पा मारतो, मुंबईकराला चालत्या गाडीत चढायची सवय, आणि या सगळ्याचे कारण म्हणून दोघांच्या स्वभावाकडे बोट दाखवले जाते. पण या दोन शहरांची जमीन, पाणी, रूळ आणि भाडेकायदे शेजारी ठेवून पाहिले, तर ज्याला स्वभाव म्हणतात त्याचा बराच मोठा भाग घर आणि काम यांमधल्या अंतरात सापडतो.

मुंबईची रचना मुळातच लांबट. सात बेटे भराव आणि बांध घालून जोडली गेली. अठराव्या शतकाच्या अखेरीस वरळीची खाडी बांध घालून अडवली आणि १८४५ मध्ये अवाबाई जमशेटजी जिजीभॉय यांच्या पैशातून माहीमचा कॉजवे झाला. बंदर, बँका, बाजार, कचेऱ्या हे सारे दक्षिणेच्या टोकाला. तिन्ही बाजूंना पाणी असल्याने शहराला पसरायला वाट उरली ती उत्तरेचीच. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली पहिली गाडी जणू याच वाटेवर रेघ ओढून गेली. आज चर्चगेट ते विरार ६० किलोमीटर, सीएसएमटी ते कल्याण ५४. कोरोनापूर्वी या रुळांवरून रोज सुमारे ७५ लाख प्रवास होत. वांद्रे-कुर्ला संकुल आणि अंधेरीने गर्दीची दिशा थोडी बदलली, अंतर मात्र कमी झाले नाही.

कोलकात्याची गोष्ट वेगळी आहे आणि तिच्यात मराठ्यांचाही हात आहे. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालमध्ये शिरल्या. त्या ‘बर्गी’ स्वारांच्या धास्तीने कोलकात्याच्या रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. सात मैलांचा बेत होता, तीनेक मैल खणून झाले, मराठे शहरापर्यंत आलेच नाहीत आणि काम थांबले. पण ‘मराठा खंदक’ शहराची हद्द बनून राहिला. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो बुजवला गेला आणि त्याच्या रेषेवर सर्क्युलर रोड आला. आज त्या रस्त्याला आचार्य प्रफुल्लचंद्र आणि आचार्य जगदीशचंद्र बोस यांची नावे आहेत. बागबाजारात मराठा डिच लेन नावाची गल्ली अजून आहे. बंगालमधल्या पाळणागीतांत बर्गींची भीती अजून जिवंत आहे, हेही मराठी वाचकाने विसरू नये. त्या स्वाऱ्यांत गावेच्या गावे जळली होती.

हे जुने शहर आखीव आणि आटोपशीर होते. पश्चिमेला नदी, मध्यभागी कचेऱ्यांचा डलहौसी चौक, म्हणजे आजचा बिनॉय-बादल-दिनेश बाग, आणि त्याच्याभोवती अर्धवर्तुळात वस्ती. कचेऱ्यांच्या या भागाला बंगालीत ‘ऑफिसपाडा’ म्हणतात. हावडा स्टेशन नदीपलीकडे आहे, पण तिथून लाँच काही मिनिटांत अलीकडच्या घाटावर सोडते, आणि १९४३ पासून हावडा पूलही आहे. श्यामबाजार, भवानीपूर, कालीघाट येथून कचेरी ट्रामच्या टप्प्यात. २४ फेब्रुवारी १८७३ रोजी सियालदहहून आर्मेनियन घाटाकडे पहिली घोड्यांची ट्राम निघाली, १९०२ मध्ये ट्राम विजेवर आली. ट्रामचे भाडे हा शहराच्या जिव्हाळ्याचा विषय होता. १९५३ मध्ये दुसऱ्या वर्गाचे भाडे एका पैशाने वाढवले, तर शहर आठवडेच्या आठवडे पेटले होते.

मुंबईतही ट्राम होती. १८७४ मध्ये सुरू झाली, ३१ मार्च १९६४ च्या रात्री बंद झाली. रोज विरारहून चर्चगेटला जाणाऱ्या माणसाला ट्रामचा उपयोग तसाही नव्हता.

अंतराचा हा फरक जेवणाच्या वेळेत सर्वांत स्पष्ट दिसतो. जुन्या कोलकात्यातला बंगाली बाबू सकाळी नऊच्या सुमारास आंघोळ करून डाळ, भात, मासळी असे पूर्ण जेवून कचेरीला निघे. अनेक घरांत ही पद्धत अजून आहे. मुंबईत सात-सव्वासातची गाडी गाठणाऱ्याला सकाळी भात जेवणे शक्य नाही, आणि इतक्या पहाटे डबा करणेही सर्वांना जमत नाही. या अडचणीतून १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी डबे पोचवण्याचे काम सुरू केले. जुन्नर, खेड, मावळ, मुळशी, अकोले या पट्ट्यातून आलेल्या माणसांनी ते वाढवले. कोरोनापूर्वी पाच हजारांच्या आसपास डबेवाले रोज दोन लाखांच्या घरात डबे पोचवत. माणूस आधी निघतो आणि त्याचे जेवण दोन-तीन तासांनी त्याच रुळांवरून मागून येते. ही व्यवस्था लांबलचक, एकाच दिशेने धावणाऱ्या शहरातच निघू शकते.

घर नसलेल्यांसाठीही दोन शहरांनी दोन उत्तरे काढली. गिरणगावात कोकण आणि घाटावरून आलेले कामगार एका खोलीत पाळीपाळीने झोपत आणि एखाद्या बाईच्या खाणावळीत महिन्याच्या हिशेबावर जेवत. कोलकात्यात गावाकडून आलेले कारकून आणि विद्यार्थी ‘मेसबाडी’त राहत. शरदिंदू बंद्योपाध्यायांचा सत्यान्वेषी व्योमकेश बक्षी वाचकांना पहिल्यांदा भेटतो तो अशाच एका मेसमध्ये. जोडीला होती ‘पाइस हॉटेले’: केळीच्या पानावर जेवण आणि भात, डाळ, माशाचा तुकडा, लिंबाची फोड या प्रत्येक जिनसेचा वेगळा हिशेब. कॉलेज स्ट्रीटजवळचे स्वाधीन भारत हिंदू हॉटेल आणि न्यू मार्केटजवळचा सिद्धेश्वरी आश्रम आजही चालतात. खाणावळीने कामगाराला महिनाभराचे घर दिले, पाइस हॉटेलाने खिशात असेल तेवढ्याचे जेवण दिले. दोन्हींबद्दल सारखाच आदर वाटावा.

अड्डा मुंबईतही आहे, तो फक्त चाकांवर आहे. डोंबिवली किंवा वसईहून रोज ठरलेल्या गाडीच्या ठरलेल्या डब्यात भेटणारे गट, त्यांचे टाळ-भजन, बायकांच्या डब्यात भाजी निवडणे, केळवण, हळदीकुंकू, चौथ्या सीटवर अर्धे बसून चाललेले संसाराचे बोलणे. कोलकातेकर गप्पांसाठी जुन्या घरांच्या पुढच्या ‘रोआका’वर, म्हणजे ओट्यावर, बसला किंवा कॉलेज स्ट्रीटच्या कॉफी हाउसमध्ये गेला. मुंबईकराने प्रवासाच्या सक्तीतूनच बैठक काढली. निवांतपणाची भूक दोघांना सारखी आहे.

मात्र कोलकात्याची सवडही सर्वांच्या वाट्याला आलेली नाही. पहाटेच्या कॅनिंग लोकलने सुंदरबनाकडच्या गावांतून येणाऱ्या घरकामगार बायका भरल्या डब्यात उभ्या राहून येतात, चार-पाच घरची कामे उरकतात आणि संध्याकाळी परततात. भद्रलोकांच्या, म्हणजे पांढरपेशांच्या, दुपारच्या झोपेमागे त्यांची पहाट असते. त्यांना पाहिले तर त्या मुंबईच्याच वाटतील.

त्या सवडीची दुसरी किंमत अधिक मोठी आहे: शहरातले काम आटत गेले. मुंबईत १८५४ मध्ये कावसजी दावरांनी पहिली कापडगिरणी काढण्यासाठी कंपनी स्थापन केली. कोलकात्याजवळ रिशडा येथे पुढच्याच वर्षी पहिली तागगिरणी आली, ती एका इंग्रजाची. मुंबईचे भांडवल पारशी, भाटिया, गुजराती, बगदादी ज्यू व्यापाऱ्यांचे होते आणि बरेचसे शहरातच फिरत राहिले. कोलकात्यात ते ब्रिटिश एजन्सी कंपन्यांच्या हाती होते. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि मुंबई युरोपला जवळ आली. कोलकात्याचे बंदर समुद्रापासून सुमारे २०० किलोमीटर आत, गाळाने भरत जाणाऱ्या नदीवर. डिसेंबर १९११ मध्ये राजधानी दिल्लीला नेण्याची घोषणा झाली. १९४७ च्या फाळणीत तागाच्या गिरण्या भारतात राहिल्या, तर तागाची बहुतेक चांगली शेते पूर्व पाकिस्तानात गेली. फाळणीनंतर लाखो निर्वासित आले. नदीतला गाळ वाहून जावा म्हणून फराक्का धरण सुरू झाले ते १९७५ मध्ये, आणि तोवर बराच उशीर झाला होता.

निर्वासितांनी दक्षिण कोलकात्यातली पडीक जमीन ताब्यात घेऊन विजयगड, आझादगड, नेताजीनगर अशा वसाहती स्वतः आखल्या, शाळा काढल्या आणि पुढे सरकारकडून पट्टे मिळवले. जुन्या झोपडवस्त्यांमध्ये ‘ठिका’ पद्धत होती: जमीन एकाची, तिच्यावरची झोपडी दुसऱ्याची, राहणारा तिसरा. १९८१ च्या कायद्याने ही जमीन राज्य सरकारने आपल्याकडे घेतली. मुंबईत १९९५ नंतरच्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेने उलट वाट धरली: बिल्डरने मोकळ्या होणाऱ्या जागेवर विक्रीची घरे बांधायची आणि त्या पैशातून झोपडीवासीयांना फुकट घर द्यायचे. २०११ च्या जनगणनेत मुंबई महापालिका हद्दीतले सुमारे ५२ लाख लोक झोपडपट्टीत होते, कोलकाता महापालिका हद्दीतले सुमारे १४ लाख. दोन्ही उपाय अपुरे पडले. तरीही गरिबाला पिढ्यान्‌पिढ्या एकाच पाड्यात राहता येणे ही कोलकात्याची मोठी कमाई आहे, आणि मुंबईने तिच्याकडे पुरेसे पाहिलेले नाही.

काम आटले तशी कोलकात्याची मुले बाहेर पडली. महापालिका हद्दीतली लोकसंख्या २००१ मध्ये ४५.७३ लाख होती, ती २०११ मध्ये ४४.९७ लाखांवर आली. बाहेर पडणाऱ्यांची एक जुनी वाट मुंबईकडे येते. रेल्वेमंत्री मधु दंडवते यांनी डिसेंबर १९७७ मध्ये मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुरू केली. पहिला वर्ग नसलेली, सर्वांना सारखे लेखणारी गाडी हा त्यांचा आग्रह होता. हुगळी, हावडा, मेदिनीपूर भागांतले सोनाराचे काम करणारे कारीगर मुंबईच्या झवेरी बाजारात पोचतात. लहानशा खोलीत दिवसा दागिने घडवायचे आणि रात्री तिथेच झोपायचे, हे त्यांचे जिणे जुन्या गिरणकामगारांच्या खोल्यांशी फार मिळतेजुळते आहे.

पाण्याकडे पुन्हा वळायला हवे, कारण वापरलेले पाणी कुठे जाते यात कोलकाता मुंबईच्या कितीतरी पुढे आहे. मुंबई रोज ३८० कोटी लिटरहून अधिक पाणी आणते. ते कुठल्या वस्तीला किती वाजता मिळेल, हे पालिकेचा चावीवाला झडपा फिरवून ठरवतो. ज्या शहापूर तालुक्यातून यातला मोठा वाटा येतो, तिथल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. सांडपाणी वरळी आणि वांद्र्याला समुद्रात आत नेलेल्या बोगद्यांतून सोडले जाते. खाड्यांत आणि मिठी नदीत जाणारे वेगळेच.

कोलकात्याची जमीन नदीकडून पूर्वेला उतरते, म्हणून सांडपाणीही पूर्वेला वाहते आणि ‘भेडी’ नावाच्या उथळ तळ्यांत पोचते. तिथे ऊन आणि शेवाळ मिळून घाण विघटित करतात, त्या शेवाळावर रोहू, कटला, मृगळ वाढतात. शेजारच्या धापा भागात शहराच्या कचऱ्यावर तयार झालेल्या मातीत भाजी पिकते. मासळी पहाटे बाजारात जाते. कोळी आणि शेतकरी ही व्यवस्था विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून चालवत होते. तिचे मोल जगापुढे मांडले ते ध्रुवज्योती घोष या सरकारी अभियंत्याने. शहराच्या सांडपाण्याचे होते काय, हे शोधत ते १९८० च्या दशकात या तळ्यांपर्यंत गेले आणि उरलेले आयुष्य त्यांनी त्यांच्या रक्षणात घालवले. १९९२ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाने इथे भराव टाकण्यास मनाई केली. २००२ मध्ये १२,५०० हेक्टरचा हा प्रदेश पाणथळ जागांच्या रामसर यादीत आला. घोष २०१८ मध्ये गेले.

आता दोन्ही शहरे आपापल्या हाती असलेले चांगले सोडून देत आहेत. २०२४ मध्ये पश्चिम बंगाल सरकारने एस्प्लनेड-मैदान हा एक मार्ग वगळता ट्राम बंद करण्याचे जाहीर केले. ट्रामप्रेमींनी त्याला कडाडून विरोध केला. त्याच वर्षी हुगळीखालून मेट्रो धावू लागली, आणि मुंबईत मोटारींसाठी समुद्रात भराव घालून बांधलेल्या किनारी रस्त्याचा पहिला भाग खुला झाला. न्यायालयाची मनाई असूनही भेड्यांच्या कडेने इमारती पुढे सरकतच आहेत. मुंबईची पूर्वेकडची मिठागरेही पावसाचे पाणी सामावून घेणारी जागा आहेत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा अशा मोकळ्या जागांचे मोल सर्वांना कळले होते. तरीही २०२४ मध्ये कांजूरमार्ग, भांडुप आणि मुलुंड येथील सुमारे २५६ एकर मिठागरे धारावीच्या पुनर्वसनातील घरांसाठी राज्याला देण्यास केंद्राने मंजुरी दिली. भेड्यांच्या बाजूने बोलायला एक ध्रुवज्योती घोष होते. मिठागरांसाठी मुंबईत पर्यावरणवाद्यांच्या काही गटांनी आवाज उठवला आहे. त्या घरांत राहायला जाणाऱ्या धारावीकरांना पावसाळ्यात कोणत्या पाण्यात उभे राहावे लागेल, हा प्रश्न मंजुरी देणाऱ्यांनाच विचारायला हवा.