पावसाच्या पाण्याची पंढरीची वाट

ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुणे मुक्कामी येतात, एक भवानी पेठेत पालखी विठोबाकडे, दुसरी नाना पेठेत निवडुंगा विठोबाकडे, तेव्हा शहराचे रस्ते बहुधा मृगाच्या सरींनी भिजलेले असतात. पालख्या सासवड व लोणी काळभोरच्या वाटेने पुढे जातात. रस्त्यावरचे पाणीही निघते, आणि त्याचीही वाट पंढरीचीच आहे, हे आपल्या सहसा ध्यानी येत नाही. या पेठांतील पाणी नागझरीतून मुठेला मिळते. मुळा-मुठा एक होऊन रांजणगाव सांडसपाशी भीमेत विसर्जित होतात. तीच भीमा उजनीचे धरण ओलांडून पंढरपुरी चंद्रकोरीसारखी वळते आणि चंद्रभागा म्हणविते.

या पाण्याच्या गाठोडीत काय असते? उन्हाळाभर रस्त्यांवर साचलेले सारे. वाहनांतून ठिबकलेले तेल, झिजलेल्या टायरांचे रबर व त्यातील जस्त, ब्रेकची तांबेमिश्रित धूळ. बांधकामावरून वाहणारी माती निरुपद्रवी भासते. परंतु तेलाचे नि धातूंचे सूक्ष्म कण तिलाच चिकटून प्रवास करतात. जनावरांच्या विष्ठेतून रोगजंतू येतात, बागांच्या खतांतून नत्र व स्फुरद. जलपर्णी माजते ती यांवरच. पेट्रोलमधील शिसे तेवढे २००० साली बंद झाले, हे सुदैव. पहिल्या सरीचे पाणी सर्वांत मलिन, आणि कौतुक आपण करतो तेही तिचेच!

घरातील सांडपाणी शुद्धीकरण केंद्राकडे नेण्याची निदान योजना तरी असते. पावसाळी गटाराचे पाणी मात्र थेट ओढ्यात अथवा नदीत जाते. मध्ये गाळणी नाही. दाराशी साबणाने धुतलेली मोटार, कडेला ओतलेले जुने तेल, रंगाचे कुंचले धुतलेले पाणी, यांची सोय आपण गटारात पाहतो, ती ही अशी. उजनीच्या विस्तीर्ण जलाशयात बराच गाळ तळाशी बसतो, हे खरे. पण विरघळलेले सारेच काही बसत नाही. वारकरी त्याच प्रवाहात स्नान करतात आणि त्याचेच तीर्थ घेतात.

पालखी पुढे सरकल्यावर रस्त्यावर केळीच्या साली, द्रोण, चहाचे पेले मागे राहतात. ती सेवा प्रेमानेच झालेली असते. त्यानंतर झाडू आधी पोहोचला तर ते उचलले जाते. सर आधी आली, तर तेही नागझरीच्या वाटेला लागते.